साठीनंतरची धाव आणि पहाटेचा उकाडा

होळी पेटली की थंडी गेली, हा आपल्याकडचा जुना हिशेब. धावण्याच्या शर्यतीही एके काळी हाच हिशेब पाळत असत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि ती थंडीतली म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिली. मुंबईची मॅरेथॉन २००४ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा झाली आणि पुढे जानेवारीत स्थिरावली. त्यानंतर धावणारी मंडळी बूट धुऊन उन्हात वाळत टाकत आणि पावसाची वाट पाहत. आज परिस्थिती तशी राहिलेली नाही. मार्च, एप्रिल, मे यातला कुठलाही रविवार घ्या. कुठल्या तरी उपनगरात, कुठल्या तरी औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर, कुठल्या तरी नव्या गृहसंकुलाच्या दारात कमान उभी असते, कर्णकर्कश गाणी वाजत असतात आणि पहाटे पाचला लोक छातीवर क्रमांक लावून रांगेत उभे असतात. बेंगळुरूची दहा किलोमीटरची नामांकित शर्यत तर २००८ साली सुरू झाली तीच मे महिन्यात. अलीकडे ती एप्रिलअखेरीस होते. बेंगळुरू निदान उंचावर आहे, तिथली पहाट सुसह्य असते. पनवेल, ठाणे, वसई यांना ती सवलत निसर्गाने दिलेली नाही.

या रांगेत पिकल्या केसांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. मीही त्यांतलाच, सहासष्ट वर्षांचा. त्यामुळे पुढचे विवेचन तटस्थ निरीक्षकाचे आहे असा आव मी आणणार नाही. निवृत्तीनंतर हातात वेळ असतो, मुले मार्गी लागलेली असतात, गुडघे अजून साथ देत असतात. धावणाऱ्यांचा एखादा गट मिळाला की एरवी औषधांच्या वेळापत्रकात अडकणारे दिवस शर्यतींच्या वेळापत्रकात रमतात. त्यात एक गंमत अशी की, तिशीतल्या धावकाला पहिल्या शंभरात येण्यासाठी जीव काढावा लागतो, पण साठीपुढच्या गटात उन्हाळ्यातल्या एखाद्या लहान शर्यतीला पाच-सातच जण असतात. पदकाच्या पुढचे पारितोषिक, व्यासपीठावर चढणे, फोटो हे सारे अचानक हाताशी येते. नातवंडांच्या शाळेतल्या स्पर्धेइतकेच ते मोहक असते, आणि त्या मोहाला कमी लेखण्याचे कारण नाही. साठ वर्षांत ज्याला कुणी कधी हार घातला नाही, त्याला तो एकदा मिळाला की दर रविवारी हवासा वाटतो.

प्रश्न इथेच सुरू होतो. ‘या वयात उन्हात धावावे का’, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो आणि त्याची दोनच उत्तरे ऐकतो. डॉक्टरांचे उत्तर ‘कशाला उगीच?’ आणि गटाचे उत्तर ‘वय हा फक्त आकडा आहे, काका!’. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. सराव करणाऱ्या, निरोगी ज्येष्ठ माणसाने उन्हाळ्यात धावण्यात काही गैर नाही. गैर आहे ते उन्हाळ्यात वारंवार शर्यत करण्यात. धावणे आणि शर्यत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरावात वेग माझे शरीर ठरवते. शर्यतीत तो घड्याळ ठरवते, पुढे चाललेली पाठ ठरवते. उन्हाळ्यात शरीराच्या हातून हा निर्णय काढून घेणे साठीनंतर फार महागात पडू शकते.

ते का, हे समजायला थोडे गणित करावे लागेल. पासष्ट किलो वजनाचा माणूस ताशी आठ किलोमीटर वेगाने, म्हणजे आमच्या वयाला साजेशा वेगाने धावला, तर तासाला सुमारे पाचशे किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. तिच्यातला पाचवा, फार तर चौथा हिस्सा पाय पुढे टाकायला लागतो. उरलेली सगळी उष्णता. म्हणजे तासाला चारशेच्या आसपास किलोकॅलरी शरीराबाहेर काढायच्या. त्या मुळीच बाहेर गेल्या नाहीत असे धरले, तर दर आठ-नऊ मिनिटांना शरीराचे तापमान एक अंशाने चढेल. अर्ध्या तासात माणूस आडवा. तसे होत नाही, कारण घाम आहे. एक लिटर घाम कातडीवर पूर्णपणे वाळला तर ५८० च्या आसपास किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे पाऊण लिटर घामात काम भागायला हवे. पण सगळी मेख ‘वाळला तर’ या दोन शब्दांत आहे. हनुवटीवरून ठिबकलेला, बनियनमधून पिळून निघालेला, बुटात साठलेला घाम शरीराला काडीचाही थंडावा देत नाही. तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. हवेत आधीच ओलावा भरलेला असेल तर घाम वाळायला जागाच नसते. दमट खोलीत दोरीवर टाकलेले कपडे वाळत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

म्हणूनच धावणाऱ्यासाठी साध्या थर्मामीटरचा आकडा अपुरा असतो. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाच्या प्रशिक्षण तळावर जवान उष्माघाताने कोसळू लागले, तेव्हा एक वेगळे मोजमाप तयार झाले. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याला सत्तर टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या तापमानाला वीस टक्के आणि आपल्या ओळखीच्या, सावलीतल्या तापमानाला अवघे दहा टक्के. ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ असे त्याचे लांबलचक नाव आहे. आपण सोयीसाठी त्याला ओला पारा म्हणू. अठ्ठावीसच्या पुढे हा ओला पारा गेला की शर्यत रद्द करावी किंवा तिचे शर्यतपण काढून टाकावे, असे क्रीडावैद्यक सांगत आले आहे.

आता हे माप महाराष्ट्राला लावून पाहा. मेमधल्या मुंबईत पहाटे सहाला अठ्ठावीस अंश तापमान आणि ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रता ही नित्याची गोष्ट. सूर्य उगवायच्या आधीच ओला पारा सव्वीसच्या आसपास असतो. आठ वाजता ऊन अंगावर आले की तो सहज धोक्याच्या रेषेपलीकडे जातो. त्याच पहाटे नागपूरला थर्मामीटर मुंबईपेक्षा वर असेल, पण हवा कोरडी असल्याने ओला पारा तीन-चार अंशांनी खालीच राहील. पुण्याची पहाट तर बावीस-तेवीस अंशांची. दुपारी पंचेचाळीस अंशांच्या बातम्या नागपूर-चंद्रपूरच्या येतात आणि मुंबईकर सुस्कारा टाकतो, ‘आपल्याकडे बरे आहे बुवा!’ पहाटे सहाच्या धावकापुरते तरी ते खरे नाही. अर्थात विदर्भाने हुरळून जाऊ नये. तिथला घाम इतक्या झटकन वाळतो की तो आला होता हेच कळत नाही, अंगावर फक्त मिठाची रांगोळी उरते. आणि सकाळी नऊनंतर तिथल्या रस्त्यावर धावणे हे धाडस नव्हे, वेडेपणा आहे.

पहाटेचा हा धोका आपल्या सरकारी विचारात बसत नाही, असे मला वाटते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि भर उन्हात बसलेल्या श्रोत्यांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. त्यानंतर सरकारने दुपारी बारा ते पाच या वेळात उघड्यावर कार्यक्रम होऊ न देण्याचे जाहीर केले. बसलेल्या माणसासाठी हा निर्णय योग्यच होता. पण धावणाऱ्या माणसाचे ऊन आकाशातून येण्याआधी त्याच्या मांड्यांतून येते. त्याला दुपारची गरज नसते. दोहा येथे २०१९ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन उन्हापासून बचाव म्हणून मध्यरात्री सुरू केली होती. तापमान बत्तीस अंशांपुढे आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांहून अधिक. जगातल्या निवडक अडुसष्ट धावपटू निघाल्या, पोहोचल्या चाळीस. सूर्याचा एक किरणही नसताना! या प्रकाराने ऑलिम्पिक समिती इतकी हादरली की टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन तिने आठशे किलोमीटर उत्तरेला, सापोरोला हलवली. तिथेही २०२१ च्या ऑगस्टमध्ये महिलांची शर्यत ऐन वेळी एक तास अलीकडे ओढून सकाळी सहाला सुरू करावी लागली.

तरुण म्हणजे सुरक्षित असेही नाही. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीसाठी दहा किलोमीटर धावण्याची चाचणी होती. तिच्यात दहाहून अधिक उमेदवार मृत्युमुखी पडले. कारणांवरून राजकीय धुरळा उडाला, तो उडणारच होता. पण सरकारने चाचणी तीन दिवस थांबवली आणि सकाळी नऊनंतर कुणाला धावायला लावायचे नाही असे ठरवले, यातच पुष्कळ काही आले. नोकरीसाठी धावणाऱ्या पोरांना थांबण्याचे स्वातंत्र्य नव्हते. आपल्याला आहे, आणि तरी आपण थांबत नाही, हे जरा विचित्रच.

साठीनंतर शरीरात नेमके काय बदलते? कातडीकडे रक्त पाठवून उष्णता बाहेर टाकायची ही शरीराची पहिली युक्ती. वयानुसार ती मंदावते. घामाच्या ग्रंथी तेवढ्याच असतात, पण प्रत्येकीचे उत्पन्न घटते. हृदयाचा कमाल वेग दरवर्षी साधारण एका ठोक्याने उतरत गेलेला असतो. त्यामुळे स्नायूंनाही रक्त द्यायचे आणि कातडीलाही द्यायचे, ही दुहेरी मागणी पुरवताना त्याची ओढाताण लवकर सुरू होते. मूत्रपिंडे पाणी राखून ठेवण्यात पूर्वीइतकी चिवट राहत नाहीत. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे तहान. ती बोथट होते. शरीरात पाणी कमी पडले तरी तहान लागत नाही आणि आपण ते काटकपणाचे लक्षण समजतो. ‘मला तर पाणी लागतच नाही’, असे अभिमानाने सांगणारे ज्येष्ठ धावक प्रत्येक गटात एक-दोन असतातच.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण घरची मंडळी या लेखाचा आधार घेऊन आजोबांचे बूट माळ्यावर टाकतील अशी मला भीती वाटते. यातली बरीचशी घसरण वयापेक्षा बैठेपणाची असते. नियमित व्यायाम करणारा पासष्टीचा माणूस उष्णता सोसण्याच्या बाबतीत चाळिशीतल्या आळशी माणसाला मागे टाकू शकतो. शरीर उन्हाला सरावतेही. रोज तासभर, सावकाश, उकाड्यात हालचाल केली तर दहा-चौदा दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते, त्याच वेगाला हृदयाचे ठोके उतरतात. हे ज्येष्ठांनाही साधते, फक्त थोडे दिवस अधिक द्यावे लागतात. आणि तीन-चार आठवडे खंड पडला की ही कमाई विरून जाते. म्हणजे वातानुकूलित खोलीत महिना काढून एकदम एप्रिलच्या शर्यतीत उतरणारा माणूस सर्वांत जास्त धोक्यात.

वारंवार शर्यती करणाऱ्या ज्येष्ठांना एका नावाचा मोठा आधार वाटतो. कॅनडाचे एड व्हिटलॉक. २००४ साली टोरोंटोत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. ८५ व्या वर्षीही ते चार तासांच्या आत पोहोचले. ते पुष्कळ शर्यती करत, हे खरेच आहे. पण त्यांचा सराव कसा होता, हे सांगायला लोक विसरतात. मिल्टन गावातल्या आपल्या घराजवळच्या दफनभूमीत ते अत्यंत सावकाश, तीन-तीन तास फेऱ्या मारत. वेगाचा स्वतंत्र सराव जवळपास नाहीच. छोट्या शर्यती हाच त्यांचा वेगाचा सराव. दुखापत झाली तर महिनोन्महिने स्वस्थ बसायची त्यांची तयारी असे. आणि त्यांच्या त्या गाजलेल्या मॅरेथॉन टोरोंटोच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या, गार हवेतल्या. आमची मंडळी व्हिटलॉककडून शर्यतींची संख्या घेतात, सावकाशपणा त्यांच्याकडेच ठेवतात, आणि हवा मात्र डोंबिवलीच्या मेमधली! मंगळवारी वेगाचा सराव, गुरुवारी चढाचा, रविवारी शर्यत, आणि पुन्हा मंगळवार. यात शरीर सावरते कधी?

सावरण्याचा एक जुना ठोकताळा आहे, आणि तो एका ज्येष्ठ धावपटूच्याच नावाने ओळखला जातो. न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर बत्तिसाव्या वर्षी धावू लागले आणि १९७४ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन धावून रौप्यपदक घेऊन गेले. त्यांचा नियम असा, की जितक्या मैलांची शर्यत, तितके दिवस पुढे जोर लावायचा नाही. दहा किलोमीटरला सहा-सात दिवस, अर्ध्या मॅरेथॉनला तेरा, पूर्ण मॅरेथॉनला सव्वीस. हा हिशेब चाळिशीतल्या राष्ट्रकुल पदकविजेत्याचा, तोही थंड देशातल्या. साठीनंतर, उकाड्यात तो दीडपट धरला तरी मी त्याला भित्रेपणा म्हणणार नाही.

यावर नेहमीचे उत्तर येते, ‘अहो, फक्त दहा किलोमीटर तर आहे.’ या ‘फक्त’वर थांबायला हवे. उष्माघाताची भीती आपण लांब अंतराला जोडतो, आणि ते अर्धेच बरोबर आहे. लांब अंतरात माणूस वेग राखून असतो, थकतो, आपोआप मंदावतो. कमी अंतरात तो शेवटपर्यंत जोर लावू शकतो, आणि जोर जितका अधिक तितकी उष्णता अधिक. अमेरिकेत फॅलमथ या समुद्रकाठच्या गावी १९७३ पासून ऑगस्टच्या दमट हवेत शर्यत होते, अंतर सव्वाअकरा किलोमीटर. १९७८ साली तिथे अल्बर्टो सालाझार नावाचा विशीतला धावपटू शेवटच्या रेषेपाशी असा कोसळला की त्याच्यावर मरणासन्नाचे धर्मविधीही उरकले गेले. तो वाचला आणि पुढे न्यूयॉर्क मॅरेथॉनचा विजेता झाला. त्याच फॅलमथला अठरा वर्षांत श्रमजन्य उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदवले गेले. आकडा भयंकर आहे. पण त्यातले सर्वच्या सर्व जगले, आणि ते कसे, हे आपल्या आयोजकांनी पाठ करून ठेवावे. शेवटच्या रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचे टब भरलेले होते. माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला की त्याला आधी टबात बुडवायचे, अंग उतरवायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे. आपल्याकडे नेमके उलटे होते. भोवती गर्दी जमते, कुणी चेहऱ्यावर पाणी मारते, कुणी कांदा शोधते, आणि रुग्णवाहिका वाहतुकीत अडकते. पहिल्या अर्ध्या तासाची किंमत तिथे मोजावी लागते.

मग उन्हाळ्यात करावे तरी काय? आपल्या शेतकऱ्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उन्हाळा नांगरटीचा, जमीन उलथून तापू द्यायची, ढेकळे फुटू द्यायची. चैत्रात कुणी पेरणी करत नाही. माझ्या वेळापत्रकात गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत हाच क्रम असतो. आठवड्यात चार-पाच दिवस धावणे, तेही सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. घड्याळाकडे पाहायचे ते वेळेसाठी, वेगासाठी नाही. त्याच दमात हिवाळ्यापेक्षा किलोमीटरला अर्धा-पाऊण मिनीट जास्त लागते, लागू द्यावे. वेगाचा थोडका सराव हवाच असेल तर तो लहान तुकड्यांत, मध्ये भरपूर विश्रांती घेऊन. दोन दिवस घरातच पाय-कंबरेचे वजनाचे व्यायाम, कारण साठीनंतर स्नायूच आधी गळतात. आणि शर्यत? या तीन महिन्यांत मनापासून करायची एकच, तीही जमल्यास पुणे-नाशिककडची, कोरड्या पहाटेची. मित्रमंडळींच्या आग्रहाने आणखी एखाद्या ठिकाणी नाव नोंदवले तर ती शर्यत नव्हे, पाण्याची सोय असलेला रविवारचा सराव, असे घरातून निघतानाच ठरवायचे.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीला जाणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. १९२१ पासूनची ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत. अलीकडे मुंबई-पुण्याहून तिला जाणाऱ्यांचा चांगला ओघ आहे आणि त्यांत पन्नाशी-साठीचेही असतात. ती होते जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्यात. म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याचा सराव नेमका आपल्या एप्रिल-मेमध्ये येतो. त्यांना उन्हाळा टाळता येत नाही. पण त्यांच्यातले जाणते लोक काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. चाळीस-पन्नास किलोमीटरचा पल्ला ते मध्यरात्री सुरू करतात, कूर्मगतीने जातात, मध्ये चालतात, आणि या काळात दुसऱ्या कुठल्याही शर्यतीत जोर लावत नाहीत. आपल्या वारीतही हेच शहाणपण मुरलेले आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर सत्तरीतले लोक चालत जातात, कारण तिथे विसावा ठरलेला असतो, मुक्काम ठरलेला असतो आणि वाटेत कुणी कुणाच्या पुढे जाऊन पारितोषिक घेणार नसते.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे दोन्हीकडून चुका होतात. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर कपडे काढून, अंग पुसून वजन करणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग. वजन दोन टक्क्यांहून अधिक उतरले, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे दीड किलोच्या आसपास, तर पुढच्या वेळी अधिक प्यायला हवे. आणि वजन वाढले असेल तर? तर धोका त्याहून मोठा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर ४८८ जणांचे रक्त तपासले तेव्हा तेरा टक्के लोकांच्या रक्तातले सोडियम घसरलेले आढळले, आणि त्यांत वाटेत वजन वाढलेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यालेले, आणि सावकाश धावणारे अधिक होते. आपण सावकाश धावणाऱ्यांतलेच. प्रत्येक टेबलावर दोन पेले पाणी ढोसणे हा उपाय नव्हे. घरी परतल्यावर मीठ घातलेले ताक, कोकम सरबत, पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी यांत जे आहे, ते रंगीत बाटलीत निराळे काही असते असे मला दिसलेले नाही.

औषधांचा विषय याहून नाजूक. आमच्या वयात रक्तदाबाची गोळी बहुतेकांना असते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातले पाणी आधीच कमी करतात. हृदयाचा वेग आवरणाऱ्या गोळ्यांमुळे मनगटावरचे यंत्र ठोके कमी दाखवते आणि माणूस समजतो, आज तर जोर लावायला हरकत नाही. सर्दीच्या काही गोळ्या घाम अडवतात. गुडघ्यासाठी शर्यतीआधी वेदनाशामक घेणे तर मूत्रपिंडाच्या मुळावर येऊ शकते, विशेषतः पाणी कमी पडलेले असताना. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पण डॉक्टरांना ‘मी फिरायला जातो’ असे मोघम न सांगता ‘मी मेमध्ये तासभर धावतो’ असे स्पष्ट सांगावे. उत्तर बदलते.

या सगळ्यात घरच्यांचाही वाटा आहे, आणि तो कुणी मोजत नाही. पाचच्या शर्यतीसाठी अडीचला उठायचे म्हणजे घरातला एक दिवा अडीचला लागतो. उन्हाळ्यात रात्री आधीच गरम, झोप दोन-तीन तासांची. आणि अपुरी झोप उष्माघाताला आमंत्रण देते. स्त्रियांची अडचण आणखी मोठी. साठीच्या आसपासच्या कित्येक जणी आता धावू लागल्या आहेत, ही फार चांगली गोष्ट घडते आहे. पण सकाळचा चहा, डबे, नातवंडाची शाळा आटोपून निघायचे तर सात वाजतात आणि उन्हाचा सर्वांत वाईट हिस्सा त्यांच्या वाट्याला येतो. ऊन टाळायला अंधारात निघावे तर रस्ते तसे. १९ मार्च २०२३ रोजी वरळी सी फेससारख्या प्रशस्त ठिकाणी, सकाळी उजाडलेले असताना, धावणाऱ्या एका महिलेला भरधाव गाडीने उडवले आणि ती दगावली. धावकांना पहाटे मैदान किंवा बंद रस्ता देणे हा उकाड्यावरच्या उपायांचाच भाग आहे, ही गोष्ट आपल्या महापालिकांच्या उष्णतेच्या आराखड्यात यायला हवी.

आयोजकांकडून मात्र माझ्या ठोस अपेक्षा आहेत. प्रवेशशुल्क आता हजाराच्या घरात गेले आहे. त्यात चकचकीत पदक मिळते, शर्ट मिळतो, छायाचित्र मिळते. ओला पारा मोजणारे हातात मावेल एवढे यंत्र त्या सर्व खर्चापुढे किरकोळ आहे. ते सुरुवातीला आणि वाटेत ठेवावे, हिरवे-पिवळे-लाल-काळे निशाण लावावे. काळे निशाण लागले की वेळ मोजणे बंद, ज्याला जायचे त्याने चालत जावे. हे आधीच नियमात छापले की ऐन वेळी हुज्जत होत नाही. २००७ साली शिकागोची मॅरेथॉन उकाड्यामुळे भर शर्यतीत थांबवावी लागली. तिथे हजारो लोक रस्त्यावर असताना हा निर्णय घेण्याची पाळी आली, ती आपल्यावर कशाला यावी?

दुसरी सूचना अनेकांना रुचणार नाही. मार्च ते मे या काळात साठीपुढच्या गटांची वेळेवर आधारलेली पारितोषिके बंद करावीत. पारितोषिक द्यायचेच तर अंदाजाच्या शर्यतीचे द्यावे. प्रत्येकाने निघण्यापूर्वी आपली वेळ लिहून द्यायची, घड्याळ काढून ठेवायचे आणि जो आपल्या अंदाजाच्या सर्वांत जवळ पोहोचेल तो पहिला. ही कल्पना नवी नाही, अनेक देशांतले धावकांचे क्लब ती गमतीने राबवतात. स्वतःचे शरीर ओळखण्याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. हार घालून घ्यायची हौस हिवाळ्यात भागवता येईल. मुंबईची शर्यत जानेवारीत आहेच.

नोंदणीच्या अर्जात रक्तगट विचारतात, शर्टाचे माप विचारतात. चालू औषधे कोणती, गेल्या महिन्यात ताप येऊन गेला का, गेल्या चार आठवड्यांत किती शर्यती केल्या, हे कुणी विचारत नाही. मी आता उलटा प्रश्न विचारतो. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एक ओळ लिहितो की शेवटच्या रेषेजवळ बर्फाच्या पाण्याचा टब असेल का आणि तो नेमका कुठे असेल? गेल्या उन्हाळ्यात पाच ठिकाणी लिहिले. दोघांनी उत्तर दिले नाही, दोघांनी ‘रुग्णवाहिका आहे’ असे कळवले. पाचव्यांनी मैदानाचा नकाशा पाठवला, त्यावर वैद्यकीय तंबूच्या उजव्या हाताला दोन टब काढलेले होते. तिथे नाव नोंदवले.